उडी, तोल, झेल: तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून मोठ्या हालचालींचा सराव कसा करून घ्यावा

सव्वातीन वर्षांची एक मुलगी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होती. खाली जेमतेम वीतभर अंतर. "मार उडी, काही होत नाही," असं आजूबाजूचे सगळे तिला सांगत होते. ती गुडघे वाकवायची, हात मागे न्यायची आणि ऐन वेळी एक पाय पुढे टाकून नुसती उतरायची. पुन्हा वर चढायची, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिचे डोळे भरून आले.

मी तिला पायरीवरून बाजूला घेतलं आणि सपाट जमिनीवर जागच्या जागी उड्या मारायला सांगितल्या. तेव्हा अडचण दिसली. तिचे दोन्ही पाय एकदम उचलले जात नव्हते. उजवा आधी उठायचा, डावा त्याच्या मागून यायचा. तिच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये स्पंजचा एक जाडसर तुकडा धरायला दिला आणि म्हटलं, "हा पडू द्यायचा नाही हं." स्पंज सांभाळायचा तर पाय एकत्रच उचलावे लागतात. दोन-तीन दिवस ती स्पंज घेऊन वर्गभर उड्या मारत होती. मग स्पंज काढला, मग खडूने आखलेली रेघ ओलांडायला दिली. दुसऱ्या आठवड्यात ती आपणहून त्या पायरीवर गेली आणि धप्पकन खाली उतरली, दोन्ही पायांवर.

बालवर्गात इतकी वर्षं शिकवताना मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मूल अडतं तेव्हा आपण त्याला धीर देतो, सूचना देतो, जास्तच झालं तर रागावतो. खरं तर त्याच्यापुढचं काम बदलायला हवं असतं. अंतर कमी करा, चेंडू मोठा घ्या, पायरीवरून जमिनीवर आणा. हा सगळा लेख त्या बदलांविषयीच आहे.

नेमकं काय शिकवायचं आहे

धावणं, उडी मारणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, झेलणं, लाथ मारणं या हालचाली पाय, धड, खांदे यांच्या मोठ्या स्नायूंनी होतात. पुस्तकी भाषेत त्यांना स्थूल कारक कौशल्यं म्हणतात, बोलताना ग्रॉस मोटर स्किल्स. मणी ओवणं, बटण लावणं, चित्र रंगवणं ही झाली सूक्ष्म कौशल्यं. ही दोन खाती वेगळी वाटली तरी शरीरात ती जोडलेली असतात. पाठ आणि खांदा स्थिर राहत नसेल तर बसून चित्र काढताना मूल लवकर थकतं, टेबलावर रेलतं. शरीरावरचा ताबा साधारणपणे डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून हातापायांच्या टोकांकडे येत जातो. म्हणून पेन्सिल धरण्याची घाई करण्याआधी मुलाला भरपूर लोंबकळू द्या, रांगू द्या, ढकलू द्या, ओढू द्या.

आता प्रश्न येतो, हे सगळं वयानुसार आपोआप येतं की शिकवावं लागतं? अर्नोल्ड गेसेल आणि हेलन थॉम्पसन यांनी १९२९ साली जुळ्या बहिणींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीचा सराव ५३व्या आठवड्यात सुरू झाला आणि दोनच आठवडे चालला, तरी ती पहिलीच्या बरोबरीला आली. शरीर तयार नसताना केलेली घाई वाया जाते, एवढं त्यातून घ्यावं. पण त्यावरून "सोडून द्या, सगळं आपोआप येईल" असं ठरवणं चूक आहे. चालणं आणि चढणं बहुतेक मुलं स्वतःच मिळवतात. नीट फेकणं, झेलणं, लयीत लंगडी घालणं हे मात्र संधी, सराव आणि थोडं शिकवणं यांशिवाय अर्धवट राहतं. दहा-बारा वर्षांची कितीतरी मुलं खांद्यातून नुसता हात ढकलून चेंडू टाकताना दिसतात, ती त्यामुळेच.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

सराव सुरू करण्याआधी सात दिवस एक वही ठेवा. मुलाला काहीही करायला लावू नका. ते खेळत असताना पाहा आणि लिहा. किती लांब उडी मारली, किती वेळा झेललं, हे आकडे सध्या बाजूला ठेवा. हालचाल कशी होते ते टिपा. डेल उलरिक यांनी मुलांच्या मोठ्या हालचाली तपासण्यासाठी केलेली चाचणी जगभर वापरली जाते. तिची पहिली आवृत्ती १९८५ची. सध्याच्या तिसऱ्या आवृत्तीत १३ कौशल्यं आहेत, सहा जागा बदलण्याची आणि सात चेंडूची. त्यातही गुण दिले जातात ते हालचालीच्या घडणीला. उडीआधी हात मागे गेले का, फेकताना विरुद्ध बाजूचा पाय पुढे आला का, असे ते निकष.

वहीत मी या गोष्टी लिहिते:

- उडी मारल्यावर दोन्ही पाय एकदम टेकतात की मागेपुढे? टेकताना गुडघे वाकतात की पाय ताठ राहतात?
- धावताना हात कोपरात वाकून पुढेमागे हलतात, की खांद्याजवळ वर उचलून धरलेले असतात?
- चेंडू येताना मान वळते का, डोळे मिटतात का?
- फेकताना कोणता पाय पुढे पडतो?
- जमिनीवर बसलेलं असताना उठायला हातांचा किती आधार लागतो?
- कुठला खेळ ते टाळतं?

शेवटची नोंद सगळ्यात कामाची. जे जमत नाही ते मुलं फार हुशारीने टाळतात. चेंडूचा खेळ सुरू झाला की एखाद्याला हमखास तहान लागते.

वयाचा अंदाज हवा म्हणून: अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने २०२२ साली विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलं ज्या वयापर्यंत एखादी गोष्ट करू लागतात, ते वय त्यांनी धरलं आहे. त्या यादीत दोन्ही पायांनी जमीन सोडून उडी अडीच वर्षांना, मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलणं चार वर्षांना आणि एका पायावर उडी पाच वर्षांना आहे. माझ्या वर्गात तीन वर्षांचं मूल सहसा एका पायरीवर एकच पाय ठेवत जिना चढतं, तीनचाकीला पेडल मारतं आणि क्षणभर एका पायावर उभं राहतं. दोन-चार महिन्यांचा पुढेमागे फरक अगदी नेहमीचा आहे, त्याने झोप उडवून घेऊ नका.

दुसरी पायरी: जागा आणि सामान

यावर फार खर्च करायची गरज नाही. खडू, रंगीत चिकटपट्टी, एक जाड दोरी, दोन-तीन उशा, एक गादी, पुठ्ठ्याचे रिकामे खोके, जुन्या मोज्यांचे गुंडाळलेले गोळे, पातळ रुमाल आणि एक मोठा मऊ चेंडू. याच्यात वर्षभराचा सराव होतो.

मूल शक्यतो अनवाणी असू द्या. तळव्याला जमीन कळली की बोटं पकड घेतात. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उड्या मारू देऊ नका, पाय हमखास सटकतो. टेबलाचे कोपरे आणि काच हाताच्या टप्प्याबाहेर न्या, उतरायच्या जागी गादी सरकत नाही ना ते पाहा. फुगे झेलायला छान, कारण ते सावकाश येतात, पण फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. मी फुग्याऐवजी पातळ रुमाल वापरते. तोही तरंगत येतो आणि मुठीत सहज धरता येतो.

ट्रॅम्पोलिन मी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी वापरत नाही. एकाच वेळी दोन-तीन मुलं चढतात आणि त्यातलं सगळ्यात हलकं मूल उडून पडतं.

तिसरी पायरी: वेळ किती

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन आणि चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी. बसून स्क्रीन पाहणं एका तासाच्या आत, तेवढंही नसेल तर उत्तमच. खुर्चीत किंवा गाडीत पट्ट्यांनी अडकवून एका वेळी तासापेक्षा जास्त ठेवू नये. झोप १० ते १३ तास.

१८० मिनिटं ऐकून पालक दचकतात. पण ती दिवसभरात विखुरलेली असतात. बागेतलं धावणं, घरातलं हुंदडणं, पायी चालत जाणं, सगळं त्यात येतं. ठरवून करायचा सराव त्यातला फक्त १५ ते २० मिनिटांचा ठेवा. आठवड्यातून एकदा दीड तास घेण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं कितीतरी पटींनी चांगली. एका दिवशी एक किंवा फार तर दोन कौशल्यं. पहिली चार मिनिटं प्राण्यांच्या चालीने अंग गरम करायचं, पुढची दहा मिनिटं ठरवलेला खेळ आणि उरलेला वेळ त्याच सामानाशी मुलाने मनाला येईल तसं खेळायचं. हा शेवटचा भाग गाळू नका. आपण सुचवलं नसतं असं काहीतरी मुलं तिथेच शोधून काढतात.

चौथी पायरी: एकेक कौशल्य

*तोल आणि धड.* डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांमधली जाणीव या तिन्हींच्या बातम्या मेंदूत जुळल्या की तोल राहतो. या वयात मुलं डोळ्यांवर फार विसंबून असतात. म्हणून पट्टीवर चालताना पायांकडे बघू नकोस असं सांगण्याऐवजी समोरच्या भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला एक चित्र लावा आणि "माशाकडे चालत जा" म्हणा. मान आपोआप वर येते. आधी वीतभर रुंद आखलेला रस्ता, मग चिकटपट्टीची एक रेघ, मग जमिनीवर टाकलेली दोरी (ती तळव्याला जाणवते, म्हणून मुलांना आवडते), शेवटी जमिनीलगतची अरुंद फळी. फळीवर जमू लागलं की हातात पाण्याने अर्धा भरलेला पेला द्या.

एका पायावर उभं राहण्यासाठी दुसरा पाय आधी ठोकळ्यावर ठेवू द्या, मग चेंडूवर. चेंडू हलतो, त्यामुळे वजन हळूहळू खालच्या पायावर जातं. मग चेंडू काढून घ्या.

धडाच्या ताकदीसाठी व्यायाम म्हणून काही घेऊच नका. अस्वलासारखं हात-पाय टेकून, गुडघे उचलून चालणं. खेकड्यासारखं पोट वर करून मागे सरकणं. जड खोका ढकलत नेणं. दांड्याला लोंबकळणं. एवढं रोज झालं तर पुरे.

*उडी.* उडीत सगळ्यांचं लक्ष वर जाण्याकडे असतं. मी उतरण्यापासून सुरू करते. ज्या मुलाला आपण नीट उतरू याची खात्री आहे ते उडी मारायला घाबरत नाही, आणि दुखापती होतात त्याही बहुतेक उतरताना. "मांजरासारखं उतर, मला आवाज ऐकू येता कामा नये," एवढं सांगितलं की गुडघे आपसूक वाकतात, आधी चवडा आणि मग टाच टेकते. "गुडघे वाकव" असं मी शंभरदा सांगून पाहिलं आहे. मूल गुडघे वाकवून उभं राहतं आणि उडी मारताना पुन्हा पाय ताठ करतं.

क्रम साधारण असा. जागच्या जागी गुडघ्यांत डुलणं, पाय न उचलता. टाचा उचलून चवड्यांवर येणं. जागच्या जागी उडी, लागलं तर तुमची दोन बोटं धरून. बोटंच द्या, हात देऊ नका, कारण हात दिला की मूल त्याच्यावर लोंबकळतं आणि पायांना काम राहत नाही. मग खडूच्या एका गोलातून शेजारच्या गोलात. मग रेघेपलीकडे. मग वीतभर उंचीवरून खाली. उंची वाढवत मुलाच्या गुडघ्यापर्यंत न्या, या वयात त्यापुढे जायचं कारण नाही. सगळ्यात शेवटी जमिनीपासून चार बोटं वर धरलेल्या दोरीवरून. दोरी बांधू नका, एका टोकाला सैल धरा, म्हणजे पाय अडकला तर ती सुटून येईल.

हातांचा झोका उडीत फार उशिरा येतो. त्यासाठी डोक्याच्या वर, हात ताणून थोडा कमी पडेल अशा उंचीवर एक घुंगरू टांगा. ते वाजवायला हात वर जातातच.

*लंगडी आणि घोडदौड.* लंगडीची सुरुवात भिंतीला हात लावून, एकच उडी, त्याच जागी. दोन्ही पायांवर करून घ्या. एक पाय बरेच दिवस मागे राहतो, ते स्वाभाविक आहे. घोडदौडीत एकच पाय सतत पुढे राहतो. ती लंगडीच्या आसपास येते आणि मुलांना मनापासून आवडते. एक पाऊल, एक लंगडी, मग दुसरं पाऊल, दुसरी लंगडी अशी ठेक्यातली चाल मात्र बहुतेकांना पाच-सहा वर्षांशिवाय साधत नाही. त्याआधी तिच्यामागे लागू नका. ठेका टाळीने धरा, तोंडाने मोजू नका. अंक ऐकले की मूल अंकांकडे लक्ष देतं.

*धावणं आणि चढणं.* धावणं शिकवावं लागत नाही, थांबणं शिकवावं लागतं. टाळी वाजली की थिजायचं, दोनदा वाजली की दिशा बदलायची. चढताना एकच नियम पाळा: मुलाला स्वतः चढता येत नाही तिथे उचलून ठेवायचं नाही. जिथे ते स्वतःच्या बळावर पोचतं तिथून उतरायचं कसं हेही त्याला बहुधा कळत असतं. तुम्ही खाली हाताच्या अंतरावर उभे राहा, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले आहेत ना एवढं पाहा.

*फेकणं.* इथे मोठी माणसं एक चूक हटकून करतात. छोटी बादली जवळ ठेवतात आणि "नेम धरून टाक" म्हणतात. नेम धरायचा म्हटलं की मूल अंग आखडतं, हात छोटा करतं आणि चेंडू ढकलतं. सुरुवातीला जोरात फेकू द्या. मोठी भिंत, त्यावर कागदाचं मोठं चित्र आणि मुलाच्या तीन-चार ढांगांवरून मोज्यांचे गोळे. "भिंतीला धडकव!" जोर लावायचा म्हटला की कंबर वळते, हात मागे जातो, पाय पुढे येतो. गोळा मुलाच्या मुठीत मावणारा हवा.

उजव्या हाताने फेकणारी मुलं सुरुवातीला उजवाच पाय पुढे टाकतात. तेव्हा जमिनीवर डाव्या पाऊलाचा ठसा काढा आणि त्यावर एक बेडूक रंगवा. "बेडकावर पाय ठेवून फेक." उभं राहतानाच मुलाची डावी कूस भिंतीकडे करून दिली तर अर्धं काम झालेलं असतं. नेम नंतर घ्या, हालचाल बसल्यावर.

*झेलणं.* यात मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण मुलांचा धीर इथे सुटतो. साडेचार वर्षांचा एक मुलगा चेंडू येताना पाहून दोन्ही हात ताटासारखे पुढे करायचा, मान खांद्याकडे वळवायचा आणि डोळे घट्ट मिटायचा. चेंडू हातांवर पडून उसळून नाकाला लागायचा. दर वेळी त्याची भीती खरी ठरत होती.

त्याला आम्ही दोन आठवडे हवेतून एकही चेंडू टाकला नाही. पाय पसरून समोरासमोर बसलो आणि चेंडू घरंगळत दिला. डोळे चेंडूवर ठेवायची सवय तिथे लागते, कारण घरंगळणारा चेंडू तोंडावर येत नाही. मग रुमाल. वर उडवायचा आणि पडायच्या आत मुठीत पकडायचा. आधी स्वतःचा, मग मी उडवलेला. मग मोठा मऊ चेंडू, एक टप्पा देऊन. टप्प्याचा आवाज होतो, चेंडू वर येताना मंदावतो आणि मुलाला तयारीला वेळ मिळतो. "टप्पा... झेल!" असं आम्ही दोघं मिळून म्हणायचो. शेवटी हवेतून, दोन ढांगांवरून, छातीच्या उंचीला, थोडी कमान देऊन. एका दुपारी त्याने चेंडू छातीशी कवटाळला आणि तसाच उभा राहिला. परत द्यायला तयारच होईना.

झेल सुटतो तेव्हा बऱ्याचदा दोष टाकणाऱ्याचा असतो. मोठी माणसं फार जोरात, फार सरळ आणि न सांगता टाकतात. मूल बघत आहे याची खात्री करा, चेंडू त्याला दाखवा, मग टाका. चेंडूचा रंग मागच्या भिंतीहून वेगळा असू द्या. चेंडू छातीशी कवटाळणं हा झेलण्याचाच एक टप्पा आहे, त्याला चूक म्हणू नका. नुसत्या हातांनी, कोपरं सैल सोडून झेलणं त्याच्यानंतर येतं. त्यासाठी चेंडू हळूहळू लहान करत जा.

*लाथ.* स्थिर चेंडूपासून सुरुवात. चेंडूच्या शेजारी दुसरा पाय कुठे टेकायचा तिथे खडूची खूण करा. पुढे रिकामे खोके रचून ठेवा. ते कोसळतात तेव्हाचा आनंद पुढच्या दहा लाथांना पुरतो.

पाचवी पायरी: सोपं-अवघड करायची किल्ली

कार्ल न्यूएल यांनी १९८६ साली मांडलं की कुठलीही हालचाल मूल, काम आणि परिसर या तिघांच्या मेळातून घडते. मूल आपल्याला आज बदलता येत नाही. त्याची उंची, ताकद, भीती आहे तशी असते. काम आणि परिसर मात्र हातातले आहेत. अंतर, उंची, चेंडूचा आकार, वेग, जमीन मऊ की कडक, आधार आहे की नाही, समोर चित्र आहे की नाही. एका वेळी यातली एकच गोष्ट बदला.

माझा ढोबळ हिशोब असा: दहांपैकी सहा-सात वेळा जमत असेल तर आहे तिथेच रमू द्या. नऊ वेळा जमू लागलं की एक गोष्ट अवघड करा. तीन-चार वेळाच जमत असेल तर न बोलता सोपं करा. "तुला जमत नाहीये म्हणून सोपं करू या" असं म्हणू नका. "चल, आता हा चेंडू घेऊ" एवढं पुरे.

सूचना एका वेळी एकच, तीही शरीराच्या अवयवाविषयी न देता बाहेरच्या वस्तूविषयी. "हात ताण" ऐवजी "घुंगरू वाजव". प्रत्येक प्रयत्नानंतर बोलू नका, तीन-चार प्रयत्न गप्प राहून बघा. करून दाखवताना मुलाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा, नाहीतर डावं-उजवं उलटं दिसतं. शाबासकी नेमकी द्या. "अगदी आवाज न करता उतरलास" हे ऐकलं की त्याला पुन्हा काय करायचं ते कळतं.

वर्गात करायचं असेल तर

सुरुवातीच्या काळात मी सोळा मुलांची रांग लावायचे, चेंडू एक. प्रत्येकाच्या पाळीला वीस सेकंद धरले तरी एक फेरी सव्वापाच मिनिटांची होते. वीस मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला चार वेळासुद्धा फेकणं येत नाही. उरलेला सगळा वेळ ती ढकलाढकली करत, आणि मी त्यांनाच रागवायचे. आता प्रत्येकाच्या हातात मोज्यांचा गोळा असतो आणि त्याच वीस मिनिटांत मूल पन्नास-साठ वेळा सहज फेकतं.

बाद करण्याचे खेळ या वयात बंद ठेवा. जे मूल आधी बाद होतं त्यालाच सरावाची सगळ्यात जास्त गरज असते आणि तेच बाजूला बसून राहतं. संगीतखुर्ची घ्यायची असेल तर खुर्च्या कमी करा, मुलं कमी करू नका. शेवटी सगळ्यांनी एकाच गादीवर मावायचं. चार कोपऱ्यांत चार वेगळे खेळ मांडून मुलांना फिरू दिलं तर एकाच वस्तूसाठी झोंबाझोंबी होत नाही, आणि घाबरणारं मूल आधी लांबून बघू शकतं. त्याला बघू द्या. बघणंही शिकणंच आहे. दोन-तीन दिवसांत ते कडेकडेने आत येतं.

सहा आठवड्यांची आखणी

पहिला आठवडा नोंदींचा. दुसऱ्यात तोल आणि प्राण्यांच्या चाली. तिसऱ्यात उतरणं आणि उडी, तोल अंग गरम करण्यात चालू ठेवून. चौथ्यात फेकणं, सोबत उड्या. पाचव्यात घरंगळणारा चेंडू, रुमाल आणि टप्पा. सहाव्यात या सगळ्याची एक अडथळ्यांची वाट: उशांवरून उडी, दोरीवरून चाल, खोक्यातून रांगणं, शेवटी भिंतीवर गोळा फेकणं. वाट मुलांनाच रचू द्या आणि दर दोन दिवसांनी बदलू द्या. मग पहिल्या आठवड्यातली वही उघडून त्याच प्रश्नांची उत्तरं पुन्हा लिहा. दुसऱ्या मुलाच्या वहीशी ती ताडून पाहू नका.

मूल आजारातून उठलं असेल, झोप झाली नसेल, घरात काही उलथापालथ झाली असेल तर येणारी गोष्टही काही दिवस येईनाशी होते. त्या दिवसांत मागच्या पायरीवरचं काहीतरी खेळा.

डॉक्टरांना कधी दाखवावं

काही खुणा सरावावर सोडायच्या नसतात. आधी येत असलेली हालचाल नाहीशी होत असेल तर लगेच दाखवा, वाट पाहू नका. जमिनीवरून उठताना मूल आधी हात टेकतं, मग स्वतःच्या मांड्यांवर हात ठेवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं, तर ती स्नायूंच्या अशक्तपणाची खूण असू शकते. याला गोवर्सची खूण म्हणतात. मुलग्यांमध्ये तिच्यासोबत पोटऱ्या फुगीर दिसत असतील तर तपासणी अजिबात लांबवू नका. एकच बाजू वापरणं, दुसरा हात किंवा पाय मागे राहणं. तीन वर्षांनंतरही कायम चवड्यांवर चालणं. अंग फार ताठ किंवा फार सैल असणं. सपाट जमिनीवर वारंवार पडणं. अशा वेळी डोळेही तपासून घ्या, कारण झेल सुटण्यामागे कधी कधी नुसती दृष्टी असते.

भरपूर संधी आणि सराव मिळूनही मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा खूप मागे राहत असेल आणि कपडे घालणं, जिना चढणं अशा रोजच्या गोष्टींत अडत असेल, तर हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण असू शकते. शाळकरी मुलांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ती आढळते. पाच वर्षांच्या आधी तिचं निदान सहसा केलं जात नाही, पण फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत त्याआधीही सुरू करता येते.

तपासणीच्या खोलीत मूल बहुतेक वेळा काहीच करून दाखवत नाही. म्हणून जाण्याआधी मोबाइलवर तीन छोटी चित्रणं करून ठेवा: समोरून आणि मागून चालताना, जिना चढता-उतरताना आणि जमिनीवर मांडी घालून बसलेलं असताना उठतानाचं. सोबत ती वही न्या.